लेकीचं लायसन आणि माझं तापमानाचं रजिस्टर

माझी लेक अणुवीज केंद्रात कामाला आहे असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. तिथं केस गळतात का, आणि लग्न कधी करताय. पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. दुसऱ्याचं उत्तर कुणाला माहीत असेल तर मलाही सांगा. पण गेल्या वर्षी ऐन भाताच्या सोंगणीत ती अचानक घरी आली आणि माझ्या डोक्यात जो गोंधळ घालून गेली, तो या दोन्ही प्रश्नांच्या पलीकडचा आहे. वर्ष होत आलं तरी तो पुरता निवळलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी माझ्याबद्दल. अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी नर्स होते. जवळजवळ सगळी नोकरी तिथंच काढली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमचे हे भातशेती करतात. मुलगी एकच. ती शिकली, इंजिनिअर झाली, परीक्षा देऊन परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात लागली. तिथं एका मोठ्या खोलीत बसून ती भट्टी चालवते. 'चालवते' हा तिचा शब्द आहे. म्हणजे नेमकं काय करते हे मी तिला दहा वेळा विचारलंय आणि दहाही वेळा मान हलवून गप्प बसलेय.

त्या वेळी ती घोटीहून जीपने आली. पाठीवर एक सॅक, सॅकमध्ये कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. सोंगणीच्या दिवसांत ही पोरगी कधी घराकडे फिरकत नाही, कारण आली की हातात विळा पडतो हे तिला ठाऊक आहे. म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. दोन दिवस ती पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. जेवताना भात चिवडत राहायची. मी ठरवून टाकलं की पोरगी कुणाच्या तरी प्रेमात पडलीय.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे खळ्यावर गेले होते. मी तिला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, "काय ते एकदाचं सांगून टाक. आपल्यातला नसला तरी चालेल. म्हणजे चालेल असं नाही, पण ऐकून घेईन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, डिझेल जनरेटर आहे."

इथं मला थोडं मागं जायला हवं, नाहीतर तुमचंही माझ्यासारखं होईल. ती आली त्या पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी तिला सहज विचारलं होतं, कसला अभ्यास चाललाय. ती म्हणाली, लायसनचा. हे म्हणाले, "आगं, लायसन तर हाय की तुझ्याकडं. संगमनेरला काढलं नव्हतं का?" ते स्कूटरचं होतं. मग तिनं सांगितलं की तिच्या केंद्राला एक लायसन असतं आणि त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला आपापलं वेगळं असतं. तिचं दर तीन वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. लेखी परीक्षा, मग सगळ्या केंद्रात फिरवून कुठला नळ कुठं जातो ते विचारतात, आणि शेवटी समितीपुढं मुलाखत. पुढच्याच महिन्यात ती मुलाखत होती.

केंद्राचं लायसन तर त्याहून अवघड. आधी जागा पसंत पडली पाहिजे. मग बांधायची परवानगी. मग इंधन भरायची वेगळी. मग पहिल्यांदा भट्टी चालू करायची वेगळी. त्यानंतरही एकदम पूर्ण ताकदीनं चालवायची नाही, थोडी वाढवायची, थांबायचं, कागद दाखवायचे, मग आणखी थोडी. एवढं सगळं झाल्यावर लायसन मिळतं, तेही पाच वर्षांचं. ते संपत आलं की पुन्हा अर्ज. पाच वर्षांत काय तपासलं, कधी तपासलं, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, सगळं त्या अर्जासोबत. दर दहा वर्षांनी तर जुन्या केंद्राला नव्या नियमांच्या मापानं पहिल्यापासून मोजतात.

"मंजे आपल्या यष्टीचं पासिंग," हे म्हणाले.

"तसंच बाबा. फक्त इथं ब्रेक कुठं लागत नाही ते ड्रायव्हरनं स्वतःहून सांगायचं असतं."

"आन तो सांगतो?"

"सांगावंच लागतं."

"मंग येडा हाय तो ड्रायव्हर," असं म्हणून हे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मला हसू आलं नाही, कारण मी भलत्याच ठिकाणी अडकले होते. केंद्र चालवणारे सरकारी आणि तपासणारं मंडळही सरकारी, मग कोण कुणाला भितं? मी तिला विचारलं तर ती म्हणाली, दोघांची कार्यालयं वेगळी, माणसं वेगळी, ते केव्हाही येऊन बघू शकतात आणि पटलं नाही तर भट्टी बंद करायला लावू शकतात. मी म्हटलं, आमच्याकडेही तपासणीला यायचे. जेवून जायचे.

तर ते डिझेल जनरेटर. केंद्राची बाहेरून येणारी वीज गेली, तरी भट्टी थंड ठेवणारे पंप थांबता कामा नयेत. त्यासाठी मोठाले जनरेटर कायम तयार ठेवतात. मी मध्येच म्हटलं, "वीज बनवणाऱ्या कारखान्याचीच वीज जाते?" म्हणाली, जाऊ शकते. मग माझं मलाच वाटलं, यात नवल ते काय. भंडारदऱ्याला धरणाखाली वीज तयार होते आणि पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस दिवा लागत नाही.

हे जनरेटर ठरलेल्या दिवशी ठरलेला वेळ चालवून बघायचे आणि तक्त्यात लिहायचं, हा नियम. त्या दिवशी नोंद करायचं काम माझ्या लेकीकडे होतं. जनरेटर सुरू झाला तेव्हाच तिनं चाचणी संपण्याची वेळही लिहून टाकली. किती वाजता संपणार हे ठरलेलंच होतं, मग नंतर पुन्हा कोण तक्ता उघडणार? मधल्या वेळात जनरेटरपाशी उभ्या असलेल्या माणसाला कुठंतरी तेल पाझरताना दिसलं, त्यानं फोन करून विचारलं आणि वीस मिनिटं आधी इंजिन बंद केलं. फोन हिनंच घेतला होता. त्याच क्षणी समोरच्या फलकावर दुसरंच काही वाजायला लागलं, ही त्यात गुंतली, आणि लिहिलेली वेळ तशीच राहिली. शिफ्ट संपताना तिनं त्याखाली सही केली.

महिनाभरानं अभ्यासासाठी म्हणून जुन्या नोंदी काढल्या, तेव्हा जनरेटर किती वेळ चालला ते दाखवणारी संगणकातली रेघ वीस मिनिटं आधीच खाली आलेली तिला दिसली. कागदावर मात्र पूर्ण वेळ.

"तेल पाझरत होतं त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"ते त्याच दिवशी दुरुस्त केलं. पुढच्या वेळी जनरेटर पूर्ण वेळ चालला. व्यवस्थित."

"मग झालं की! कुणी मेलं का मध्ये?"

"आई, केंद्राच्या लायसनचा अर्ज गेलाय. त्यात ती चाचणी पूर्ण झाली असं लिहिलंय. माझ्या सहीवर."

"कुणाला माहितीय?"

"मला."

"आणखी?"

"आता तुला."

तिनं कळवलं, तर मंडळाकडे अहवाल जाणार होता. तिची मुलाखत पुढं ढकलली जाणार, कदाचित लायसनच जाणार, आणि तिला त्या खोलीतून उठावं लागणार. त्या खुर्चीसाठी या पोरीनं किती वर्षं घातलीत ते मी पाहिलंय. दिवाळीला पाहुणे आले की पुस्तक घेऊन गोठ्यामागं जाऊन बसायची. तिच्या शिफ्टमध्ये ती एकटीच मुलगी. खुर्ची गेली तर म्हणणारे काय म्हणतील हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, "गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वेळी आधी लिहू नकोस म्हणजे झालं."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण काही उतरला नाही. म्हणून मग तिला धीर यावा, एवढ्याचसाठी, देवाशपथ एवढ्याचसाठी, मी तिला माझ्या रजिस्टरची गोष्ट सांगितली.

आरोग्य केंद्रात लसींचा फ्रीज असतो. त्याचा चार्ज माझ्याकडे होता. आतलं तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे, आणि ते रोज सकाळी आणि संध्याकाळी थर्मामीटर बघून रजिस्टरात लिहायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आता ज्या बाईला सकाळी वाडीवर बाळंतपणाला जायचंय, दुपारी शाळेत गोळ्या वाटायच्यात आणि संध्याकाळी घरी जाऊन भाकऱ्या थापायच्यात, ती रविवारी फ्रीज बघायला येईल का? माझ्या आधीच्या सिस्टरनं चार्ज देतानाच मला सांगितलं होतं, महिनाअखेरीला एकदम भरायचं, जीव काढायचा नाही. मी तसंच केलं. सगळीकडे तसंच चालायचं, निदान मला तरी तसंच वाटत होतं. चार लिहायचं, चार लिहायचं, मध्येच पाच टाकायचं. नुसते चार दिसले की साहेबाला शंका येते. तपासणीला यायचे ते साहेब पानं उलटायचे, म्हणायचे, सिस्टर, तुमचं रजिस्टर बघितलं की बरं वाटतं. मग आमच्या शेतातल्या काळभात तांदळाचा भात जेवून जायचे.

हे सगळं मी हसत हसत सांगितलं. लेक हसली नाही. तिनं सरळ बसून विचारलं, "तो मोठा पाऊस झाला होता, पूल वाहून गेला, तेव्हा लाईट किती दिवस नव्हती?"

"आठ. नऊ असतील."

"फ्रीजला बर्फ होता?"

"पहिले दोन-तीन दिवस."

"लस दुसरीकडे हलवली?"

"कशानं हलवणार? पूल नव्हता. दार उघडायचंच नाही असं ठरवलं होतं, गारवा टिकावा म्हणून."

"एकदाही उघडलं नाही?"

"एकदा उघडलं. कुत्रं चावलेला माणूस आला होता."

"तेव्हा थर्मामीटर बघितलास?"

इथं माझा भडका उडाला. मी म्हटलं, "मी तुझी आई आहे, तुझी भट्टी नाही. मला काय लायसन द्यायचंय का तुला? अंगात ताप असताना गुडघाभर पाण्यातून जाऊन मी लस टोचलीय. तुझे साहेब एसीत बसून कागद बघतात, त्यांना काय कळणार?" आणखीही बरंच बोलले. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिनं पुन्हा तेच विचारलं, आवाज न चढवता, "बघितलास का?"

"नाही."

आणि हे खरं आहे. मी बघितला नाही. मुद्दाम बघितला नाही. हातात बॅटरी होती, थर्मामीटर समोर लटकलेला होता, आणि मी मान दुसरीकडे करून बाटली काढली. बघितला असता तर लिहावं लागलं असतं. बारा लिहिलं असतं, पंधरा लिहिलं असतं, तर वरून मेमो आला असता, कारणे दाखवा आलं असतं, पूल वाहून गेला हे कारण त्यांना पुरलं असतं की नाही देव जाणे. न बघता चार लिहिणं सोपं होतं.

"मग ती लस टोचली?"

"टोचली. लाईट आल्यावर फ्रीज गार झाला. बाटल्या दिसायला चांगल्या होत्या. आता बाटलीला ऊब लागली की रंग बदलणारी खूण असते तशी सगळ्यांवर तेव्हा नव्हती."

तिनं पुढं विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, कारण ती याच गावात वाढलीय. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वरच्या वाडीत गोवर आला. लस दिलेल्या पोरांनाही आला. दोघांना नगरला हलवावं लागलं. वाचली सगळी, पण एकाचा कान कायमचा गेला. चौकशी झाली. फ्रीजचं रजिस्टर मागवलं गेलं. चार, चार, पाच, चार. चौकशी करणारे म्हणाले, लसीचा गुण शंभरातल्या शंभरांना येत नाही, तुमची काही चूक नाही सिस्टर. मी तेच धरून बसले. ते खरंही असू शकतं. लस चांगली असूनही गोवर येतो काही पोरांना. कदाचित माझी लस चांगलीच असेल.

"असेल," लेक म्हणाली. "पण आता ते कळणार कसं? खरा आकडा असता, तर तेव्हाच सगळ्यांना पुन्हा लस देता आली असती."

इतकी वर्षं मी त्या गोष्टीकडे कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं, रजिस्टर साहेबासाठी असतं. ते माझ्यासाठी, त्या पोरांसाठी असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. मी उठले आणि चूल पेटवली, चहाची वेळ झाली नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. सुट्टी अजून चार दिवस होती. जीपच्या थांब्यावर हे तिची सॅक धरून उभे होते. आदल्या संध्याकाळी तिनं त्यांनाही सगळं सांगितलं होतं. मी मात्र फुरंगटून घरातच बसणार होते, पण पाय राहिले नाहीत, गेले. ती म्हणाली, "मी कळवणार आहे." मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी बाप काही बोलेल.

हे म्हणाले, "त्यो ड्रायव्हर येडा हाय म्हनलं हुतं मी. पन त्याच्या यष्टीत मी बसंन."

मला त्या दोघांचाही इतका राग आला होता की जीप हलली तेव्हा मी हातसुद्धा हलवला नाही. त्याचं मला पुढचे कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.

तिनं कळवलं. पुढं काय झालं ते मी तिच्या फोनवरून जोडत गेले, आणि एकही तुकडा मला दुसऱ्याला नीट जोडता आला नाही. मला वाटलं, आता तिला झापतील, तर कुणी झापलं नाही. मला वाटलं, मग प्रकरण मिटलं, तर तिला त्या खोलीतून काढून प्रशिक्षणाला बसवलं आणि मुलाखत पुढं गेली. वरिष्ठांनी तिला पहिला प्रश्न काय विचारला? तर संपण्याची वेळ आधीच लिहिता येईल असा तक्ता आपण केलाच कसा! तक्ता बदलला. मी म्हटलं, चूक पोरीची, आणि शिक्षा तक्त्याला? ती म्हणाली, दोघांना.

मग मंडळानं सांगितलं, पाच वर्षांतल्या अशा सगळ्या चाचण्या संगणकातल्या रेघांशी पुन्हा ताडून बघा, त्यानंतरच केंद्राच्या लायसनचं बघू. शेकडो कागद निघाले. त्यात आणखी दोघा-तिघांच्या अशाच घाईच्या नोंदी सापडल्या. ती माणसं तिच्याशी जेवायला बसेनाशी झाली. फोनवर तिचा आवाज बारीक व्हायचा. मी म्हणायचे, "सांगितलं होतं मी." ती म्हणायची, "हो, सांगितलं होतंस."

केंद्राच्या लायसनची मुदत संपायला आली तेव्हा त्यांना थोड्या महिन्यांची वाढ मिळाली. ताडून बघणं पुरं झालं, तेव्हा कुठं पाच वर्षांचं मिळालं. मी विचारलं, "एवढ्या चुका स्वतःच्या हातानं लिहून दिल्या आणि तरी लायसन दिलं?" ती म्हणाली, "लिहून दिल्या म्हणून दिलं, आई." मी फोन ठेवला आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसले. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही चूक लिहून दिली नव्हती आणि मला नारळ-शाल देऊन निवृत्त केलं होतं. यातलं नेमकं काय उलटं आणि काय सुलटं, हे मला ठरवता येईना.

मधल्या काळात मी दोन ठिकाणी गेले, हे कुणाला सांगितलेलं नाही. आधी आरोग्य केंद्रात गेले. तिथली नवी सिस्टर पोरसवदा आहे, मला मॅडम म्हणते. फ्रीजचं तापमान आता आपोआप मोबाईलवर जातं, तिनं कौतुकानं दाखवलं. जुनी रजिस्टरं आहेत का विचारलं, तर म्हणाली, वाळवी लागली म्हणून जाळली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मग वरच्या वाडीत गेले. ज्याचा कान गेला तो मुलगा आता जीप चालवतो. घरी त्याची आई होती. मी मनात वाक्य घोळवत गेले होते, पायवाटेवर दोनदा मोठ्यानं म्हणूनही बघितलं होतं. तिनं मला घोंगडी टाकली, चहा केला आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आगं, आपल्या शिस्टर आल्यात. ह्यांच्या हातानं आपली पोरं जगली." मी चहा प्यायले. गुडघे कसे आहेत, पाऊस कसा झाला, एवढं बोलले आणि उठले. ते वाक्य तसंच तोंडात घेऊन डोंगर उतरले. अजून ते बोललेलं नाही. बोलून त्या बाईला मी काय देणार, माझाच भार तिच्या डोक्यावर ठेवणार, असं एकदा वाटतं. ही माझी पळवाट आहे, असं लगेच वाटतं.

होळीच्या आसपास लेकीची मुलाखत झाली. त्या दिवशी मी उपास धरला, तिला न सांगता. दुपारी फोन वाजला. हे अंगणात विळ्याला धार लावत होते.

"आई, मिळालं."

मला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांचा राग, काळजी, सगळं एकदम बाहेर आलं. ह्यांना ओरडून सांगितलं, "अहो, मिळालं!" ते तसेच विळा हातात घेऊन दारात आले, "मिळालं?" म्हणाले, आणि पायात चपला सरकवून पेढे आणायला राजूरला निघाले.

मी डोळे पुसून तिला विचारलं, काय काय विचारलं समितीनं. नळांचं विचारलं, पंपांचं विचारलं, जनरेटरचं विचारलं. तिनं सगळं सांगितलं होतं.

"आणि शेवटी एकानं विचारलं," ती म्हणाली, "याआधी कधी न बघता नोंद केली होती का?"

"नाही म्हणालीस ना?"

"हो म्हणाले."

"आता गं बाई! आणखी कधी केलीस?"

"दुसरीत असताना."

मला काहीच समजलं नाही. तिला फोनवर नीट ऐकू येत नसेल असं वाटलं. ती सावकाश सांगत होती. "महिनाअखेरीला तू मला आरोग्य केंद्रात घेऊन बसायचीस. सकाळचे आकडे तू लिहायचीस आणि संध्याकाळचे मी. सगळं एका हाताचं दिसलं तर ओळखतात, म्हणायचीस. त्या पावसातलं पान पण आपण दोघींनी भरलं होतं. मी समितीला तेच सांगितलं. तिथं फ्रीजमध्ये खरं किती होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते आता कुणालाच कळणार नाही, म्हणून तर जनरेटरचं कळवलं."

मग तिनं विचारलं, "आई, राग आला? तुला आठवत नसेल कदाचित."

आठवत नाही म्हणाले असते, तर तिनं ते मानलं असतं. माझं वय झालंय, खूप वर्षं झालीत. तोंडावर तेच आलं होतं.

"आठवतंय," मी म्हटलं. "तुला चार काढता येत नव्हता. तुझा हात धरून पहिला मीच काढून दिला."